गोल्फ कोर्सवरचं पाणी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वीसेक वर्षं पुण्यात गोल्फ खेळतोय आणि त्यातली काही वर्षं एका क्लबच्या कोर्स समितीत काढली. त्यामुळे पाण्याबद्दलचे प्रश्न दोन्ही बाजूंनी कानावर येतात. खेळणारा विचारतो, ‘आता ड्रॉप कुठे घेऊ?’ (म्हणजे चेंडू हातातून सोडून पुन्हा कुठून खेळू?) आणि माळीकाका विचारतात, ‘तळ्याला वास का मारायला लागलाय?’ दोघांनाही उपयोगी पडेल अशी उत्तरं इथे दिली आहेत. नियम २०१९ साली मोठ्या प्रमाणावर बदलले आणि २०२३ मध्ये पुन्हा थोडे सुधारले गेले. खालची माहिती त्या बदलांनुसार आहे.

कोर्सवर तळी कशाला खणतात? नुसती शोभेसाठी?

शोभा सगळ्यात शेवटी येते. तळं ही आधी कोर्सची पाण्याची टाकी असते. रात्रीतून गवताला पाणी द्यायचं तर पंपाला काही तासांत प्रचंड पाणी ओढावं लागतं, आणि त्या वेगानं कुठलीच बोअरवेल पाणी देत नाही. म्हणून दिवसभर तळं भरायचं आणि रात्री उपसायचं. दुसरं काम निचऱ्याचं. जुलैत कोसळलेलं पाणी फेअरवेवरून (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून) कुठेतरी जायला हवं. तिसरी गोष्ट मातीची. टी (पहिला फटका मारायची जागा) आणि ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) उंच करायला भर लागते, ती जिथून उकरली तिथे खड्डा उरतो, आणि मग वास्तुकार त्या खड्ड्याचं तळं करतो. खेळाडूला भीती घालणं हे त्याचं चौथं काम.

स्कॉटलंडमधल्या समुद्रकाठच्या जुन्या कोर्सवर तळी जवळजवळ नसतातच. तिथल्या वाळूत पाणी मुरून जातं. तिथे असतात ते ओढे, त्यांना ते ‘बर्न’ म्हणतात. सेंट अँड्र्यूजच्या पहिल्या ग्रीनपुढचा स्विल्कन बर्न तर उडी मारून ओलांडता येईल एवढाच आहे, तरी भल्याभल्यांचे चेंडू त्यात जातात. याच्या अगदी उलट आपलं कोलकाता. १८२९ साली स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना क्लब. सखल बंगालात त्याचा कोर्स तळ्यांनी भरलेला आहे, आणि तिथे त्यांना ‘टँक’च म्हणतात. इंग्रजीतल्या या शब्दाचं मूळ कोशकार गुजराती-मराठीतल्या ‘टाकं’ या शब्दात शोधतात. गडावरचं टाकं आणि गोल्फचं वॉटर हॅझार्ड एकाच घरचे निघाले, याचा मला फार आनंद वाटतो.

‘वॉटर हॅझार्ड’ म्हणायचं की ‘पेनल्टी एरिया’?

नियमात २०१९ पासून ‘पेनल्टी एरिया’, म्हणजे तळं-ओढ्यासारखा हद्द आखलेला भाग, जिथून चेंडू बाहेर घ्यायला दंड पडतो. बोलताना दोन्ही चालतं, समोरच्याला कळतं.

पिवळ्या आणि लाल खुंट्यांमध्ये फरक काय?

पेनल्टी एरियाची हद्द या खुंट्यांनी दाखवतात. त्यांतला फरक नीट समजला की अर्धी भांडणं मिटतात. दोन्हींत दंड एकच फटक्याचा. फरक आहे तो चेंडू कुठे टाकायचा यात.

खुंट्या पिवळ्या असतील तर दोन पर्याय. एक, आधीचा फटका जिथून मारला तिथे परत जायचं. दोन, चेंडूनं तळ्याची हद्द शेवटची जिथे ओलांडली तो बिंदू आणि झेंडा यांना जोडणारी रेघ मनात मागे ओढायची आणि त्या रेघेवर हवं तितकं मागे जाऊन चेंडू टाकायचा. लाल खुंट्यांना हे दोन्ही आहेतच, शिवाय तिसरा पर्याय मिळतो: हद्द ओलांडल्याच्या बिंदूपासून दोन क्लबलांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, ड्रॉप. क्लबलांबी म्हणजे पटर (ग्रीनवर चेंडू ढकलायचा क्लब) सोडून तुमच्या बॅगेतल्या सगळ्यात लांब क्लबची, म्हणजे मारायच्या काठीची, लांबी.

पिवळा रंग का ठेवतात ते उदाहरणानं सांगतो. ग्रीनच्या बरोबर पुढे तळं आहे. तुमचा चेंडू तळं पार करून पलीकडच्या काठावर पडला आणि घरंगळत परत पाण्यात आला. हद्द शेवटची ओलांडली गेली ती पलीकडच्या काठावर. रंग लाल असता आणि तिथे होलच्या जवळ न जाणारी जागा मिळाली असती, तर पलीकडेच ड्रॉप घेऊन मोकळे झाला असता. पिवळा आहे म्हणून तुम्हाला ते पाणी पुन्हा ओलांडावं लागतं. वास्तुकारानं विचारलेला प्रश्न तुमच्यापुढे तसाच उभा राहतो, आणि मला हे न्याय्य वाटतं.

२०२३ च्या सुधारणेतली एक गोष्ट अजून बऱ्याच जणांना माहीत नसते. रेघेवर मागे जाऊन ड्रॉप घेताना चेंडू रेघेवरच पडला पाहिजे. तो पडला त्या जागेपासून कुठल्याही दिशेला एका क्लबलांबीच्या आत थांबला तर चालतो, थोडा पुढे सरकला तरीही. आणि ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून, खांद्यावरून नाही. खांद्यावरून टाकणारे अजूनही दिसतात.

हिशेब कसा मांडायचा?

टीवरून मारलेला चेंडू पाण्यात गेला: एक. दंड: दोन. ड्रॉपवरून मारता तो तिसरा फटका. टीवर परत गेलात तरीही तिसराच.

चेंडू पाण्यातच गेला याची खात्री नसेल तर?

‘गेला असेल’ एवढ्यावर भागत नाही. चेंडू पेनल्टी एरियातच गेला हे माहीत हवं किंवा जवळजवळ पक्कं हवं. नियमाच्या भाषेत किमान ९५ टक्के. तळ्याच्या कडेला दाट गवत असेल आणि चेंडू त्यातही हरवला असू शकत असेल, तर तीन मिनिटं शोधा. नाही मिळाला तर तो हरवलेला चेंडू, आणि आधीच्या जागी परत जावं लागेल. म्हणून अशी शंका असली की टीवरूनच प्रोव्हिजनल चेंडू (पहिला हरवला तर धरायचा पर्यायी चेंडू) मारून ठेवावा. मात्र पाण्यातच गेला हे स्पष्ट दिसलं असेल तर प्रोव्हिजनल मारता येत नाही. मारलात तर तोच चेंडू खेळात येतो. आमच्याकडच्या स्पर्धांमध्ये दर वर्षी कुणीतरी इथे अडकतं.

ओढा मे महिन्यात ठणठणीत कोरडा आहे. तरी पेनल्टी एरिया?

हो. ओढा, नाला, निचऱ्याचा उघडा चर हे पाणी नसतानाही पेनल्टी एरियाच. खुंट्या लावायच्या राहिल्या असतील तरीसुद्धा, आणि तेव्हा तो लाल धरायचा. पण कोरड्या ओढ्यातून खेळायला कुणी अडवत नाही. २०१९ पासून तिथे क्लब जमिनीला टेकवता येतो, सराव म्हणून झुलवताना जमिनीला लागला तरी चालतं, पालापाचोळा आणि खडे उचलता येतात. मात्र ‘अनप्लेएबल’ (चेंडू खेळण्याजोगा नाही) असं जाहीर करून सुटका घेता येत नाही. घ्यायची तर पेनल्टी एरियाच्या नियमानंच.

चेंडू पाण्यात अर्धा बुडालेला दिसतोय. मारू का?

मारता येतो, दंड नाही. वाहत्या पाण्यात हलत असलेला चेंडू मारला तरी दंड नाही. फक्त प्रवाहानं तो चांगल्या जागी जाईल म्हणून वाट बघत थांबायचं नाही.

मारावा का, हा वेगळा प्रश्न. निम्म्याहून जास्त चेंडू पाण्याच्या वर असेल, तळ घट्ट असेल आणि पाय रोवता येत असतील तर बंकरमधल्यासारखा (वाळूच्या खड्ड्यातल्यासारखा) चेंडूच्या मागे मारा. २०११ मध्ये अटलांटाच्या ईस्ट लेक कोर्सवर बिल हासनं टूर चॅम्पियनशिपच्या प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवायला खेळतात त्या जादा होलांत) १७ व्या होलला, पाण्यात अर्धवट बुडालेला चेंडू असाच काढून झेंड्याजवळ नेला आणि फेडएक्स कपचं एक कोटी डॉलरचं बक्षीस जिंकला. पूर्ण बुडालेल्या चेंडूच्या वाट्याला जाऊ नका. पाण्यात तो दिसतो तिथे नसतोच, आणि पाणी क्लबचा वेग गिळून टाकतं.

दुसरं उदाहरण १९९९ च्या ब्रिटिश ओपनचं. कार्नूस्टीच्या शेवटच्या होलला जाँ व्हान द वेल्ड तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटके लागले असते तरी जिंकला असता. दुसरा फटका प्रेक्षक गॅलरीवर आपटून मागे उसळला, तिसरा बॅरी बर्नमध्ये. बूटमोजे काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो ओढ्यात उतरला. शेवटी चेंडू उचलून ड्रॉप घेतला, पुढचा फटका बंकरमध्ये गेला आणि सात फटक्यांत होल संपला. प्लेऑफ पॉल लॉरीनं जिंकली. लोक त्याच्या अनवाणी पायांची आठवण काढतात. माझ्या मते चूक त्याच्या कितीतरी आधी, टीवर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) हातात घेतला तेव्हाच झाली होती.

पावसाळ्यात फेअरवेवर साचलेल्या पाण्याचं काय?

ते तात्पुरतं पाणी, आणि त्यातून फुकट सुटका मिळते. पाणी चेंडूला, उभं राहण्याच्या जागेला किंवा क्लब झुलवण्याला आड येत नसेल असा सगळ्यात जवळचा बिंदू शोधा, होलच्या जवळ न जाता तिथून एका क्लबलांबीच्या आत ड्रॉप घ्या. पण पाणी दिसायला हवं. नुसती ओली किंवा चिखलट जमीन चालत नाही, आणि पाय दाबून दाबून पाणी वर काढणंही चालत नाही. दव म्हणजे तात्पुरतं पाणी नव्हे.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये नेहमी येणारा प्रसंग असा: तळं भरून खुंट्यांच्या बाहेर आलेलं असतं. खुंट्यांबाहेरचं ते पाणी तात्पुरतं, म्हणजे फुकट ड्रॉप. खुंट्यांच्या आत मात्र दंड. एकाच डबक्याच्या दोन टोकांना दोन नियम, हे नव्या खेळाडूला विचित्र वाटतं, पण हद्द खुंट्यांनी ठरते, पाण्यानं नाही. बंकर भरला असेल तर बंकरच्या आतच फुकट सुटका मिळते. बाहेर यायचं तर एक फटका मोजा.

समोर पाणी दिसलं की हात आखडतात. काय करू?

सगळ्यात जास्त मला हाच प्रश्न विचारतात, आणि मीही वर्षानुवर्षं यातून गेलोय. माझ्या नेहमीच्या कोर्सवर एक छोटा होल आहे, १४० यार्डांचा, मधे तळं. मी तिथे आठ नंबरचं आयर्न (लोखंडी क्लब; नंबर लहान तितका चेंडू लांब जातो) घ्यायचो, कारण एकदा कधीतरी, वारा पाठीशी असताना, माझं आठ नंबर १४५ गेलं होतं. दहातले सहा चेंडू पाण्यात. एके दिवशी माझ्या कॅडीनं (बॅग वाहणारा मदतनीस), वयानं माझ्याहून मोठा माणूस, बॅगेतून सात नंबर काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “साहेब, मागं गेला तर चिप करता येतंय. अलीकडं पडला तर पाणीच.” त्या दिवशी चेंडू ग्रीनच्या मागच्या कडेवर थांबला. तेव्हापासून मी तिथे सातच घेतो.

त्या वाक्यात सगळं आलं. आपण स्वतःचा सर्वोत्तम फटका धरून क्लब निवडतो. धरायला हवा तो नेहमीचा. दहा फटके मारा, सगळ्यात लांबचे दोन विसरा, आणि उरलेल्या फटक्यांत चेंडू हवेतून किती जातो तेवढंच मोजा. पाण्यावरून जाताना घरंगळण्याचा काही उपयोग नसतो. शिवाय झाडांच्या आड उभे असता तेव्हा तळ्याच्या मधोमध वारा किती आहे ते कळत नाही. झेंड्याकडे बघा, पाण्यावरच्या लहरींकडे बघा.

पाणी पार होणार नाही असं वाटत असेल तर अलीकडे थांबा, पण तोही फटका ठरवून मारा. ‘थोडं पुढे जाऊ’ म्हणून घेतलेला लांब क्लब काठावरून घरंगळून आत जातो.

आणि एक चेंडू गेल्यावर लगेच दुसरा मारू नका. २०१६ च्या मास्टर्समध्ये जॉर्डन स्पीथ पहिल्या नऊ होलनंतर पाच फटक्यांनी पुढे होता. मास्टर्स जिथे होते त्या ऑगस्टाच्या १२ व्या होलला, जेमतेम १५५ यार्डांच्या, त्याचा टीवरचा चेंडू रेज क्रीक या ओढ्यात गेला. ड्रॉप घेऊन मारलेला पुढचाही पाण्यातच. त्या होलला सात फटके लागले आणि स्पर्धा डॅनी विलेटनं जिंकली. त्याच होलवर १९८० मध्ये टॉम वाइसकॉफनं पाच चेंडू पाण्यात घालून १३ फटके घेतले होते. मी आता पहिला चेंडू गेला की क्लब बॅगेत परत ठेवतो, पाणी पितो आणि नव्यानं अंतर मोजतो.

चारही बाजूंनी पाणी असलेलं ते प्रसिद्ध ग्रीन कुठलं?

फ्लोरिडात पॉन्टे वेड्रा बीचला टीपीसी सॉग्रास कोर्स आहे, त्याचं १७ वं होल. अंतर १३७ यार्ड, म्हणजे सव्वाशे मीटर. कोर्स १९८० मध्ये खुला झाला, वास्तुकार पीट डाय. बेटाचा विचार आधी नव्हता. त्या जागी चांगली वाळू लागली, ती कोर्सभर वापरायला काढत गेले आणि मोठा खड्डा तयार झाला. तेव्हा पीट यांच्या पत्नी अ‍ॅलिस डाय, ज्या स्वतः उत्तम खेळाडू आणि वास्तुकार होत्या, त्यांनी सुचवलं की ग्रीनभोवती सगळं पाणीच ठेवू या. दर वर्षी लाखाच्या आसपास चेंडू त्या पाण्यातून काढले जातात असं सांगतात. त्यात बहुतेक आपल्यासारख्या हौशी लोकांचेच.

२००५ च्या प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये बॉब ट्वेला तिथे १२ फटके लागले. १९९९ मध्ये फ्रेड कपल्सचा पहिला चेंडू पाण्यात गेला, त्यानं टीवरूनच दुसरा मारला आणि तो हवेतून थेट होलमध्ये पडला. पाण्यात जाऊनही पार, म्हणजे त्या होलला ठरलेले तीनच फटके! २०२२ मध्ये पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी याच स्पर्धेत फक्त एका फटक्यानं दुसरा आला. कॅमेरॉन स्मिथनं १७ व्या होलला बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली, १८ व्याला चेंडू पाण्यात घातला आणि तरी ड्रॉपनंतरचा फटका झेंड्याजवळ टाकून तो जिंकला.

गोल्फचा चेंडू तरंगतो का?

नाही. व्यास किमान ४२.६७ मिमी आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. ही दोन टोकं धरली तर घनता पाण्याच्या १.१३ पट भरते. समुद्रातही बुडतो. पाण्यावरच्या ड्रायव्हिंग रेंजला वापरतात ते तरंगणारे चेंडू वेगळे, मुद्दाम हलके केलेले.

तळ्यात उतरून चेंडू काढला तर?

कृपा करून उतरू नका. गळती थांबवायला बऱ्याच तळ्यांना प्लॅस्टिकचं अस्तर असतं, शेततळ्याला असतो तसाच ‘कागद’. त्यावर शेवाळ धरलं की पोहता येणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. आपल्या गावांत शेततळ्यांवर किती जीव गेलेत ते आपण पेपरात वाचतोच. क्लबनं काठावर तरंगतं कडं (लाइफबॉय), दोर आणि अस्तराला बांधलेली शिडी ठेवायलाच हवी. चेंडू काढायला लांब दांड्याची जाळी मिळते, तीही घट्ट जमिनीवर उभं राहूनच वापरा. आणि कुणी कॅडीच्या पोराला पन्नास रुपये देऊन आत उतरवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. मी थांबवलंय, आणि त्यावरून बोलणीही खाल्लीत.

दुष्काळी भागात एवढं पाणी गवतावर घालणं योग्य आहे का?

प्रश्न रास्त आहे आणि गोल्फ खेळणाऱ्यांनी तो टाळू नये. हिशेब करून बघू. एक हेक्टरवर ५ मिमी पाणी म्हणजे ५० हजार लिटर. वीस हेक्टर भिजवायचे तर एका रात्रीत दहा लाख लिटर. तळ्यातून उडून जातं ते वेगळंच: एक एकराच्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला ८ मिमी उडतं असं धरलं तरी ३२ हजार लिटर होतात, म्हणजे दहा हजारी टँकर तीन, कुणाच्याही तोंडात न जाता.

माझं मत स्पष्ट आहे. पिण्याजोगं पाणी गोल्फ कोर्सवर जाऊ नये. शहराजवळच्या कोर्सनं सांडपाणी शुद्ध करून तेच वापरावं आणि पावसाचं पाणी साठवावं. मे महिन्यात टी आणि ग्रीन जगवावीत आणि रफ (फेअरवेच्या कडेचं उंच गवत) पिवळं पडू द्यावं. पिवळ्या गवतावर चेंडू जास्त पळतो, खेळ बिघडत नाही. नवीन तळं करताना पसरट न करता खोल करावं. तेवढ्याच पाण्याला ऊन कमी लागतं. ‘हिरवंगार दिसलं पाहिजे’ हा हट्ट टीव्हीवरच्या स्पर्धा बघून आलाय, तो सोडायला हवा.

तळं हिरवं पडलंय, वास येतोय. मोरचूद टाकू का?

थांबा. आम्ही हीच चूक केली होती. ग्रीनला दिलेलं खत पावसानं वाहून तळ्यात येतं, शुद्ध केलेल्या सांडपाण्यातही नत्र आणि स्फुरद असतं, आणि त्यावर शेवाळ माजतं. आम्ही एकाच दिवशी सगळ्या तळ्यात मोरचूद मारलं. शेवाळ मेलं, तळाशी कुजू लागलं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन बसलं. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गेलो तर मासे पाणी आत पडतं त्या नळाच्या तोंडाशी गोळा होऊन, तोंड वर काढून आ वासत होते. आठ वाजेपर्यंत काठाला पांढऱ्या पोटांची रांग लागली होती. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो सूर्योदयाच्या आधी, कारण रात्रभर शेवाळही श्वासच घेत असतं. म्हणून हवा सोडणारं यंत्र रात्री चालवायचं. दिवसा पाहुण्यांसाठी कारंजं लावून रात्री वीज वाचवणं म्हणजे अगदी उलटं काम. काठावर चार-पाच मीटर गवत न कापता ठेवा, ते खत अडवतं. औषध मारायचंच तर जाणकाराला विचारून, थोड्या थोड्या भागात. आणि जलपर्णीचं पहिलं रोप दिसलं की त्याच दिवशी उपटा.

तळ्यामुळे डास होतात का?

मासे असलेल्या, काठ साफ असलेल्या तळ्यात फारसे नाही. गप्पी मासे सोडा. अनेक महापालिकांच्या हिवताप विभागाकडे ते मिळतात. डास शोधायचे तर तुंबलेले चर, साचलेले बंकर, शेडमागे पडलेले टायर आणि बादल्या बघा. डेंग्यूचा डास अशाच थोड्याशा पाण्यात होतो.

न कापलेल्या काठावर साप येतील अशी सदस्यांची तक्रार आहे.

येतात, आणि बहुतेक वेळा तो बिनविषारी दिवड असतो. चेंडू शोधताना गवतात हात घालू नका, आधी हातातल्या क्लबनं गवत हलवा. पण काठ बोडका करू नका. आमच्याकडे काठ राखल्यावर दोन वर्षांत ढोकरी आणि खंड्या परत आले, पाणकणसात लहान पाखरं झोपायला येऊ लागली. टिटवी मात्र गवतात नाही, तळ्याशेजारच्या उघड्या मुरमाडावर अंडी घालते, आणि मार्चपासून तिथून जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर ओरडत फिरते. तेवढी जागा आम्ही दोरी बांधून बंद ठेवतो. चेंडू तिथे गेला तर त्या दिवसांपुरता एक स्थानिक नियम आहे: फुकट ड्रॉप, बाहेरून.